व्यवसाय : चित्रकार

शनिवारी सकाळी साडेआठला मावशीचा फोन. शनिवारी साडेआठला फोन करणारे दोनच. एक क्रेडिट कार्डवाले आणि दुसरी माझी मावशी.

'अगं, झोपली होतीस का?'

'छे छे,' मी झोपेतच म्हणाले.

'ऐक. केवायसीचा फॉर्म भरतेय. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू?'

'रिटायर्ड लिही ना.'

पलीकडे शांतता. आता, मावशीने अडतीस वर्षं बँकेत काढलीत. असले फॉर्म तिने हजारांनी तपासले असतील. कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे तिने मला विचारावं, म्हणजे मामला फॉर्मचा नव्हता.

'चित्रकार लिहू का?'

आणि मी हसले. वाईट नाही, प्रेमानेच हसले, पण हसले. मावशी 'बरं, झोप तू' म्हणाली आणि फोन ठेवला. मग मला कसली झोप येतेय!

थोडं मागे जाऊ या. मावशी मुलुंडला राहते. पश्चिमेला, कॉलनीच्या बाजूला, जिथे इमारती संपतात आणि नॅशनल पार्कचा डोंगर सुरू होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगच्या भांडणाइतक्याच वेळा बिबट्याचे मेसेज येतात. शाळेत तिने एलिमेंटरी-इंटरमीजिएट दोन्ही दिल्या होत्या, इंटरमीजिएटला ए ग्रेड. तुमच्या-माझ्या घरात असं एक सर्टिफिकेट असतंच, कुठल्या तरी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली. तिला 'जेजे'ला जायचं होतं. आजोबा म्हणाले, आधी बँकेची परीक्षा दे, मग बघू. १९८६ साली ती बँकेत लागली. 'मग बघू' ते राहूनच गेलं.

त्याआधी एक गोष्ट घडली होती, जी मला गेल्या दोन वर्षांत कळली. १९८४च्या सप्टेंबरात कॉलेजच्या ग्रुपबरोबर ती येऊरला गेली होती आणि तिथे तिने कारवी फुललेली पाहिली.

कारवी माहितीय ना? सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारं झुडूप. आदिवासी पाड्यांवर हिच्याच काठ्या विणून, वर माती लिंपून कुडाच्या भिंती करतात. दर पावसाळ्यात हिरवीगार होते, उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरतात आणि फूल म्हणाल तर सात वर्षं काहीच नाही. आठव्या वर्षी मात्र अख्खा डोंगर एकदम जांभळानिळा होतो. मग बी धरतं, झुडूप मरतं आणि पुढच्या पावसात नवी रोपं. सगळ्या डोंगरांचं साल एकच असतं असं नाही, पण आमच्या या बाजूचा हिशोब आहे २००८, २०१६, २०२४.

आता बँकेतल्या बाईची वर्षं या हिशोबात घालून बघा. २००० साली मुलगा लहान. २००८ साली कोअर बँकिंगचं टेन्शन, सगळी खाती नव्या सिस्टिमवर चढवायची. २०१६ साली सप्टेंबरअखेरचं क्लोजिंग, रजा नामंजूर. (आणि त्यानंतर दीड महिन्यात नोटबंदी, म्हणजे त्या वर्षी बँकवाल्यांचं जे झालं ते झालंच.) २०१६ची कारवी मावशीने पाहिली ती मोबाइलवर, कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या फोटोत. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावरची फुलं, आणि बघायची मोबाइलवर!

३१ जुलै २०२४ला ती रिटायर झाली. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. (रिटायर होणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात हे मला आजवर कळलेलं नाही.) सप्टेंबरात कारवी फुलली आणि मावशी फोल्डिंगचं स्टूल, छत्री, पाण्याच्या दोन बाटल्या आणि काका एवढं सामान घेऊन येऊरला जाऊन बसली. रोज सकाळी, जवळजवळ तीन आठवडे.

घरच्यांनी खूप कौतुक केलं. ग्रुपवर अंगठे, टाळ्या, फुलं. 'व्वा मावशी, मस्त हॉबी!' 'छान टाइमपास!' 'आता वेळच वेळ!' बंगलोरच्या मावसभावाने ऑनलाइन ब्रशचा सेट पाठवला, चोवीस ब्रश, त्यातले दोन कामाचे. सगळे खूश. मावशी सोडून. कारण तिच्या डोक्यात हॉबी नव्हतीच. तिला काम करायचं होतं, चित्रं विकायची होती. आणि हे ती मोठ्याने बोलली की लोक हसायचे. माझ्यासकट.

तर त्या शनिवारी झोप उडाल्यावर, का कोण जाणे, मला मुलुंडचा चेकनाका आठवला. तुम्ही तिथून गेला असाल तर आठवेल. ट्रकांची रांग, डिझेलचा धूर, केबिनमध्ये बसून पावत्या फाडणारी माणसं. मुंबईत येणाऱ्या मालावरची जकात. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात संपली. बसच्या पाटीवर नाका अजून आहे.

अशाच एका जकात नाक्यावर पॅरिसमध्ये एक क्लार्क बसायचा. नाव हेन्री रूसो. (क्रांतीवाला रूसो वेगळा, तो याच्या शंभर वर्षं आधीचा.) १८४४चा जन्म, बाप पत्र्याची कामं करणारा. आधी वकिलाकडे नोकरी, मग सैन्यात, आणि १८७१पासून पॅरिसच्या जकात खात्यात. शहरात येणाऱ्या मालावर कर घ्यायचा, एवढंच काम. चित्रकलेचं शिक्षण शून्य. चाळिशीला त्याने लुव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करायची परवानगी काढली. सुट्टीच्या दिवशी तो तिथे जायचा, उरलेला आठवडा नाक्यावर.

पॅरिसमध्ये तेव्हा 'इंडिपेंडंट' चित्रकारांचं एक वार्षिक प्रदर्शन नव्याने सुरू झालं होतं. तिथे परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, फी भरा आणि चित्र लावा. आपल्या क्लार्कसाहेबांनी १८८६पासून तिथे चित्रं लावायला सुरुवात केली. लोक हसले. पुढच्या वर्षी परत लावली. परत हसले. हे जवळजवळ दर वर्षी, मरेपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं! काही लोक खास हसायला यायचे म्हणतात. पेपरात जे छापून यायचं ते हा माणूस कापून वहीत चिकटवायचा, चांगलं तेही आणि वाईट तेही. माझ्या अप्रेझलमधला एक 'नीड्स इम्प्रूव्हमेंट' मी सहा महिने उगाळत बसले होते. याच्याकडे त्याची अख्खी वही होती.

१८९३ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. छोटंसं पेन्शन होतं, ते पुरेना, म्हणून घरी व्हायोलिन आणि ड्रॉइंगच्या शिकवण्या. बायको १८८८ सालीच वारलेली, मुलंही एकेक करून गेलेली, एक मुलगी उरली. १८९१ साली त्याने पावसावाऱ्यातल्या वाघाचं एक चित्र केलं होतं, ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पण त्याची जी जंगलं जगाला माहीत आहेत, ती बहुतेक १९०४नंतरची, म्हणजे साठीतली. माणसाच्या उंचीची पानं, केशरी सूर्य, झाडीतून बघणारी माकडं, हरणाला धरलेला सिंह.

आणि गंमत माहितीय? हा माणूस फ्रान्सबाहेर कधी गेलाच नाही. मेक्सिकोची जंगलं पाहिल्याच्या गोष्टी त्याने लोकांना ऐकवल्या, पण त्या थापा होत्या. त्याचं जंगल म्हणजे पॅरिसमधली वनस्पतीबाग, जार्दां दे प्लांत. तिथली काचेची हरितगृहं, पिंजऱ्यातले प्राणी आणि शेजारच्या म्युझियममधले पेंढा भरलेले. हरण खाणारा तो सिंह तिथल्या पेंढा भरलेल्या जोडीवरून घेतलेला. राणीच्या बागेत जाऊन कुणी ॲमेझॉन रंगवावं, तसं. पण तो तिथे पुन्हा पुन्हा गेला. एकेक पान वेगळं काढलं. हिरव्यात किती हिरवे असतात ते त्याच्या चित्रात मोजत बसावं.

मी मावशीला त्याचं 'द ड्रीम' पाठवलं. १९१०चं, शेवटच्या काही महिन्यांतलं, जंगलाच्या मधोमध सोफ्यावर एक बाई. वर 'सॉरी' लिहिलं. तासाभराने फोन.

'हिरवे किती आहेत गं! आणि कुठेही चिखल नाही झालेला. माझे दोन हिरवे शेजारी आले की चिखल होतो.'

मग मी तिला बाकीची स्टोरी सांगितली. त्यातलं तिला सगळ्यात काय लागलं असेल? १९०७ साली एका ओळखीच्या माणसाने रूसोला खोट्या कागदपत्रांवरून बँकेला फसवायच्या भानगडीत ओढलं. रूसोला अटक झाली, तुरुंगात जावं लागलं. कोर्टात वकिलाने त्याचं चित्र दाखवलं, बघा, इतका भाबडा माणूस आहे हा! शिक्षा झाली पण स्थगित ठेवली.

'कुणाच्याही सांगण्यावरून सही करायची नसते,' मावशी म्हणाली. अडतीस वर्षं बोलली ती.

रूसो १९१० साली सहासष्टाव्या वर्षी गेला, पायाला गँग्रीन होऊन, गरिबांच्या दफनभूमीत. १९०८ साली पिकासोला त्याचं एक पोर्ट्रेट जुन्या सामानाच्या दुकानात पाच फ्रँकला मिळालं होतं. दुकानदार ते चित्र म्हणून विकतच नव्हता. वरून रंगवायला वापरलेला कॅनव्हास म्हणून विकत होता! झोपलेल्या जिप्सी बाईचं एक चित्र रूसोने आपल्या गावच्या महापौरांना देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. ते आज न्यूयॉर्कच्या 'मोमा'त आहे. आणि २०२३ साली त्याचं फ्लेमिंगोंचं एक चित्र लिलावात चार कोटी पस्तीस लाख डॉलरला गेलं, म्हणजे साडेतीनशे कोटी रुपयांच्या घरात.

हा शेवटचा आकडा मावशीला सांगू नये असं मला वाटत होतं, पण सांगितला. ती म्हणाली, 'त्याला काय उपयोग?' बरोबरच आहे. असल्या गोष्टी आपण 'शेवटी यश मिळालं' म्हणून सांगतो. कोणाला मिळालं? तो जिवंत असताना त्याच्याकडे उधाऱ्या होत्या.

काकांचं म्हणणं वेगळंच. 'तो फ्रेंच. तिथे कलाकारांचं चालतं. आपल्याकडे साठीनंतर कोण विचारतो?'

आपल्याकडे? मध्य प्रदेशात, बांधवगडच्या जंगलाजवळ, उमरिया जिल्ह्यात जोधैया बाई बैगा होत्या. नवरा गेल्यावर मजुरी करून मुलं वाढवली. हातात ब्रश घेतला तो सत्तरीच्या आसपास, आशीष स्वामी नावाच्या चित्रकार-शिक्षकाकडे. मोहाची झाडं, वाघ, बैगांचे देव. त्यांची चित्रं परदेशात प्रदर्शनांना गेली, २०२३ साली पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४मध्ये त्या गेल्या. त्यांच्याकडे ना पेन्शन, ना इंटरमीजिएटचा ए ग्रेड. काकांनी फोटो बघितले, चष्मा पुसला, परत बघितले. 'शिकवणारा चांगला भेटला,' म्हणाले. हेही खरंच.

मावशीलाही शिकवणारी भेटली. 'जेजे'तून नुकती बाहेर पडलेली, वय बावीस, नाकात रिंग, ठाण्यात रविवारी क्लास. पहिल्याच दिवशी तिने मावशीची चित्रं बघून सांगितलं, 'काकू, तुमची फुलं लेजरमध्ये भरल्यासारखी आलीत. ओळीत.' मावशी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मोठा कागद आणला आणि उभ्याने काढायला लागली. बसून काढलं की मनगट चालतं, उभं राहिलं की खांदा.

बँकेतल्या सवयींनी बिघडवलं तसं वाचवलंही. कारवीचा जांभळा हा भयंकर प्रकार आहे. ट्यूबमधला तयार जांभळा लावला की कागदावर सुंदर दिसतो, पण स्वस्तातले बरेच जांभळे आणि गुलाबी उजेडात उडतात. क्लासमधल्या मुलीने हे नुसतं सांगितलं. मावशीने ऑडिट केलं. कागदाच्या पट्टीवर सगळे जांभळे ओळीने लावले, वर नाव-तारीख, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि दक्षिणेच्या खिडकीत चिकटवून दिली. दोन महिन्यांनी झाकण काढलं तर दोन रंग निम्मे उरलेले, अलिझरीन क्रिमझन मिसळलेला तर जवळजवळ गायब! मग अल्ट्रामरीन आणि क्विनॅक्रिडोन रोझ अशी जोडी ठरली. ट्यूब महाग आहे, पण टिकते. 'लोकांकडून पैसे घ्यायचे आणि दोन वर्षांत फूल पांढरं व्हायचं, ही फसवणूक झाली,' मावशीचं म्हणणं. २०२४ची पहिली अकरा चित्रं तिने विकायच्या यादीतून स्वतः काढून टाकली. तीन आठवड्यांची मेहनत होती ती! मला काही झेपलं नसतं.

आणि पावसाळ्यात कागद वाळत नाही, हे वेगळंच. मुंबईच्या हवेत जलरंगाचे कागद कपाटात ठेवले तर बुरशीचे ठिपके धरतात. काकांच्या सूट्सचं कपाट रिकामं झालं, आत बल्ब लावला. काकांचे सूट सध्या दिवाणात आहेत.

मग आली किंमत. बॉस, हा एपिसोड ऐका. आधी मावशी म्हणाली, पाचशे रुपये लावू. मी म्हटलं, मावशी, फ्रेमच अठराशेची आहे! तेव्हा तिने कागद काढला. सामान सहाशे, फ्रेम अठराशे, मिळून चोवीसशे. एका चित्राला सरासरी चौदा तास. तासाचा दर काय? शेवटच्या पगारावरून काढला, साडेसहाशे. चौदा गुणिले साडेसहाशे, नऊ हजार शंभर. टोटल साडेअकरा हजार. आम्ही सगळे हसलो, यावेळी तिच्याबरोबर. क्लासमधली मुलगी हसली नाही. म्हणाली, 'हिशोब करेक्ट आहे काकू, फक्त तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात. तासाला अडीचशे धरा.' पाच हजार नऊशे. राऊंड फिगर सहा. आणि एकदा लावलेली किंमत कुणासाठीही उतरवायची नाही, कारण पहिल्या गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवणार? पुढे एखाद्या गॅलरीने चित्र ठेवलं तर किमतीचा तिसरा हिस्सा, कधी निम्मासुद्धा कमिशनमध्ये जातो, त्यामुळे हा हिशोब आत्ताच पक्का हवा, असंही ती म्हणाली. बावीस वर्षांची पोरगी! मी बावीसची असताना फूड कूपन जपून ठेवण्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

पैशाची शिस्त मावशीने पहिल्याच दिवशी घातली. ग्रॅच्युइटीला हात नाही. एका एफडीचं व्याज वेगळ्या खात्यात येतं, रंग-कागद-फ्रेम सगळं त्या खात्यातून. खातं रिकामं झालं की ब्रश धुऊन ठेवायचे, पुढच्या तिमाहीपर्यंत पेन्सिल. हे मला फार आवडलं. आपल्या पिढीत 'चाळिशीत रिटायर होऊन पॅशन फॉलो करणार' अशी एक साथ आलीय, माझ्या टीममध्येच चौघं आहेत. चौघांच्याही एक्सेल शीट्स तयार आहेत, कर्जतला प्लॉट किती, एसआयपी किती. पॅशन काय आहे विचारलं तर म्हणतात, ते नंतर बघू. यांच्यापैकी एकानेही अजून एक कागद खराब केलेला नाही. असो.

जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न सगळ्यांचंच असतं, पण तिथे नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जातात. मावशीने अर्ज करायची तयारी ठेवलीय आणि तोवर क्लासमधल्या पाच जणींनी मिळून दादरला एक छोटा हॉल घेतला. डिसेंबर २०२५, तीन दिवस. मावशीची चौदा चित्रं.

त्यात कारवीची फुलं फक्त चारच चित्रांत होती. हे मला तिथे जाऊन कळलं. बाकीची दहा? नोव्हेंबरातली सुकलेली बोंडं. एप्रिलमधल्या मेलेल्या काड्या, राखाडी, एकमेकींत अडकलेल्या. जूनच्या पहिल्या पावसात काड्यांच्या बुडाशी आलेली बोटभर रोपं. तोच उतार, तीच जागा, तोच दगड कोपऱ्यात. फुलं संपल्यावर सगळे फोटोवाले निघून गेले आणि ही तिथे जातच राहिली होती. मी कॉलम लिहिते, शब्द माझा धंदा आहे, पण त्या काड्यांच्या चित्रासमोर मला बोलता येईना. 'कशी वाटली?' तिने विचारलं. 'मावशी, मी त्या दिवशी हसले ना...' 'जाऊ दे गं. तो बघ, तो पण हसतोय.'

खरंच, एक खादीचा कुर्ता घातलेले गृहस्थ होते. त्यांनी एक फेरी मारली, मावशीचं वय विचारलं आणि म्हणाले, 'रिटायरमेंट प्लॅन छान आहे!' मावशी म्हणाली, 'थँक यू. अभिप्रायाच्या वहीत लिहा ना.' त्यांनी लिहिलंसुद्धा. ती वही तिने जपून ठेवलीय. रूसोची कॉपी, सरळसरळ.

तीन चित्रं विकली गेली. एक मावसभावाने बंगलोरहून घेतलं. 'ते धरायचं नाही,' मावशी म्हणाली. दुसरं तिच्या ब्रँचच्या एका जुन्या खातेदाराने. 'तेही अर्धंच धरायचं.' तिसरं शेवटच्या दिवशी संध्याकाळी. पंचविशीतली एक मुलगी, पाठीला लॅपटॉपची बॅग, समोरच्या स्टॉपवर बस येत नव्हती म्हणून आत आलेली. ती मेलेल्या काड्यांच्या चित्रासमोर पाच मिनिटं उभी राहिली. मग टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, 'काकू, दोन हप्त्यांत चालेल का?' अर्धं आयुष्य कर्ज खात्यात काढलेल्या माझ्या मावशीने आयुष्यातलं पहिलं कर्ज बिनव्याजी, बिनतारण दिलं. फोन नंबरसुद्धा घ्यायला विसरली. दुसरा हप्ता एक तारखेला आला.

हिशोब सांगू? चौदा फ्रेमा पंचवीस हजार दोनशे, हॉलचा वाटा नऊ हजार, कार्डं-टेम्पो साडेतीन हजार. खर्च सदतीस हजार सातशे, जमा अठरा हजार. काकांनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला. 'एकोणीस हजार सातशेचा घाटा.'

'पहिल्याच वर्षी कुठली ब्रँच नफ्यात येते हो?' मावशी म्हणाली. आणि अकरा फ्रेमा पुढच्या वर्षी परत वापरता येतील, तेवढा खर्च वाचेल, हेही तिने पेन्सिलीने खाली लिहिलं.

केवायसीच्या फॉर्मचं राहिलंच. तिने 'चित्रकार' लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने ते कॉम्प्युटरवर भरताना यादी वरखाली केली. 'मॅडम, असं ऑप्शन नाहीये. रिटायर्ड टाकू की हाउसवाइफ?' मावशीने विचारलं, सेल्फ-एम्प्लॉइड आहे का? होतं. 'ते टाक.' उत्पन्नाचा पुरावा लागेल म्हणाला. मावशीने पर्समधून पावती पुस्तक काढलं. तीन पावत्या, कार्बन कॉपीसकट.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा तिच्याबरोबर येऊरला गेले. तिचा गुडघा हल्ली कुरकुर करतो, चढावर दोनदा थांबली. डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत, ती म्हणते, बघू. २०३२ला ती अडुसष्ट वर्षांची होईल. रूसो सहासष्टला गेला, हे तिच्या लक्षात आहे. तो विषय तिने एकदाच काढला, मी लगेच बदलला. तिच्या ओळखीच्या उतारावर ती उभी राहिली, बोर्ड गळ्यात अडकवला आणि कामाला लागली. समोर गुडघाभर उंचीची रोपं, बाकी काही नाही.

ट्रेकिंगवाला एक ग्रुप वरून उतरत होता. त्यातला एक मुलगा थांबला, कागदाकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं.

'काय काढताय काकू? इथे तर काहीच नाहीये.'

'कारवी आहे.'

'आणि फुलं?'

'बत्तीस सालात,' मावशी म्हणाली, आणि मला पाण्याची दुसरी बाटली मागितली, कारण पहिलीतलं हिरवं झालं होतं.